रो रिडक्शन जमतं, सबस्पेसला घोडं अडतं

लिनियर अल्जिब्राच्या पहिल्या पेपरात मार्क जातात ते रो रिडक्शनमध्ये नाही. वजाबाकीत कुणी घसरतं, अपूर्णांकात कुणी अडकतं, पण पद्धत बहुतेकांना येत असते. दहावीला एकसामयिक समीकरणांत एका चलाचा लोप करून दुसऱ्याची किंमत काढलेली असते, बारावीला मॅट्रिक्सच्या धड्यात रिडक्शन मेथड गिरवलेली असते. घोडं अडतं ते रिडक्शन संपल्यानंतरच्या ओळीला: ‘आता कॉलम स्पेसचा बेसिस लिहा. नल स्पेसचं डायमेन्शन सांगा. हा संच सबस्पेस आहे का, सकारण लिहा.’ (कॉलम स्पेस म्हणजे कॉलमना आकड्यांनी गुणून, बेरीज करून मिळणारी सगळी मिश्रणं, म्हणजेच कॉलमचा स्पॅन; ओळींचा स्पॅन ती रो स्पेस. नल स्पेस म्हणजे मॅट्रिक्सने गुणल्यावर शून्य होणारे सगळे व्हेक्टर. बेसिस म्हणजे अख्खी स्पेस बनवायला पुरणारे, एकही फालतू नसलेले व्हेक्टर; त्यांची संख्या ते डायमेन्शन. सबस्पेसची व्याख्या पुढे येईलच.) इथे हुशार मुलंसुद्धा समोर आलेल्या शून्य-एकच्या सुबक मॅट्रिक्समधून दिसेल ते उचलतात आणि लिहून मोकळी होतात.

मी एमएस्सी करते आहे आणि बीएस्सी, इंजिनीअरिंगच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांच्या शंका सोडवते. मराठी माध्यमातून आले. स्पॅन, सबस्पेस, नल स्पेस हे सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं तेव्हा काय धांदल उडते ते अजून विसरलेले नाही, म्हणून हा खटाटोप. तीन रो ऑपरेशन्स कोणती, पिव्होट म्हणजे काय, एशेलॉन फॉर्म कसा दिसतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. ते येत नसेल तर आधी हाताने चार गणितं सोडवा. व्हिडिओ बघून नाही, हाताने.

एकच मॅट्रिक्स घेऊ आणि शेवटपर्यंत तिलाच पिळू. तिला ए म्हणू.

१ २ १ ४
२ ४ ३ ९
३ ६ ४ १३

तिसरी ओळ म्हणजे पहिल्या दोन ओळींची बेरीज. मुद्दाम तशी घेतली आहे. दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा करा, तिसरीतून पहिलीची तिप्पट. दोन्हीकडे ० ० १ १ उरतं. आता तिसरीतून दुसरी वजा करा, मग पहिलीतूनही दुसरी वजा करा. हाती येते ती मॅट्रिक्स आर:

१ २ ० ३
० ० १ १
० ० ० ०

पिव्होट पहिल्या आणि तिसऱ्या कॉलममध्ये, रँक (म्हणजे पिव्होटची संख्या) २. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं.

प्रश्न आला: ए च्या कॉलम स्पेसचा बेसिस द्या. पिव्होटचे कॉलम तर समोरच आहेत. (१, ०, ०) आणि (०, १, ०) लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, पुढच्या प्रश्नाकडे वळलं. मीही हेच लिहीत असे आणि रँक बरोबर येत असल्यामुळे शंकाही येत नसे.

हे उत्तर चूक आहे. अर्ध्या मार्काची किरकोळ चूक नाही, उत्तर म्हणून दिलेली सबस्पेसच भलती आहे. पडताळणी सोपी आहे. (१, ०, ०) आणि (०, १, ०) यांना कशानेही गुणा, कशीही बेरीज करा, तिसरा घटक कायम शून्यच राहणार. आणि ए चा पहिलाच कॉलम आहे (१, २, ३). ज्या सबस्पेसमध्ये ए चा स्वतःचा पहिला कॉलमच मावत नाही, ती ए ची कॉलम स्पेस कशी असेल? बरोबर उत्तर मूळ मॅट्रिक्समधले पहिला आणि तिसरा कॉलम: (१, २, ३) आणि (१, ३, ४). कुठले कॉलम घ्यायचे ते आर सांगते. कॉलम मात्र ए मधून घ्यायचे.

यावर वर्गात सांगतात, ‘लक्षात ठेवा, कॉलम मूळ मॅट्रिक्समधून घ्यायचे.’ झालं. मला हे ‘लक्षात ठेवा’ प्रकरण अजिबात पटत नाही. कारण रो स्पेसचा नियम नेमका उलटा आहे, तिथे रिड्यूस केलेल्या मॅट्रिक्समधल्या ओळी घ्यायच्या. दोन उलटे नियम पाठ केले की परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांची अदलाबदल होतेच. तेव्हा पाठ करू नका, एकदा शांतपणे कारण बघा. कारण कळलं की नियम विसरायची सोयच राहत नाही.

प्रत्येक रो ऑपरेशन म्हणजे मॅट्रिक्सला डावीकडून एका इन्व्हर्टिबल (जिचा गुणाकार उलटवता येतो अशा) मॅट्रिक्सने गुणणं. आपण केलेली सगळी ऑपरेशन्स एकत्र केली तर एक इन्व्हर्टिबल मॅट्रिक्स ई मिळते आणि आर = ई × ए होतं. आता हे कॉलमच्या बाजूने वाचा: आर चा प्रत्येक कॉलम म्हणजे ई गुणिले ए चा तोच कॉलम. म्हणजे चारही कॉलम आपापल्या जागेवरून उचलले गेले आणि दुसरीकडे नेऊन ठेवले गेले, पण सगळ्यांना नेलं एकाच ई ने. अख्खं कुटुंब घर बदलतं तेव्हा पत्ता बदलतो, नाती बदलत नाहीत, तसंच.

नाती कोणती ते आर मध्ये उघड दिसतं. दुसरा कॉलम पहिल्याच्या दुप्पट. चौथा कॉलम म्हणजे पहिल्याची तिप्पट अधिक तिसरा. आता हीच वाक्यं ए वर तपासा: (२, ४, ६) हे (१, २, ३) च्या दुप्पट आहेच. आणि ३ × (१, २, ३) + (१, ३, ४) = (४, ९, १३). हाच ए चा चौथा कॉलम. ए कडे नुसतं बघून हे नातं कुणाला सुचलं असतं? म्हणजे पिव्होट नसलेल्या कॉलममधले आकडे उगीच आलेले नसतात. पिव्होटच्या कॉलममधून तो कॉलम कसा बनतो त्याचा तो हिशेब असतो. माझ्या मते रिड्यूस्ड फॉर्ममधली सर्वांत कामाची गोष्ट ही आहे आणि वर्गात ती सर्वांत कमी सांगितली जाते.

ओळींचं वेगळं आहे. रो ऑपरेशनमध्ये नवी ओळ बनते ती जुन्या ओळींच्याच मिश्रणातून, आणि उलट ऑपरेशन करून जुनी ओळ नव्या ओळींतून परत मिळवता येते. म्हणून ओळींचा स्पॅन हलत नाही. ए ची रो स्पेस आणि आर ची रो स्पेस तंतोतंत एकच, बेसिस (१, २, ०, ३) आणि (०, ०, १, १).

‘मग रो स्पेससाठीही मूळ मॅट्रिक्समधल्या पहिल्या दोन ओळी घेतल्या तर?’ हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. आपल्या ए मध्ये चालून जाईल, पण ते नशीब. ही बघा:

१ १
२ २
० १

दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट काढली की ती शून्य होते, मग तिसरीशी अदलाबदल करावी लागते. शेवटी वरच्या दोन ओळी शून्येतर आणि खालची शून्य. आता मूळ मॅट्रिक्समधल्या पहिल्या दोन ओळी उचलल्या तर (१, १) आणि (२, २), म्हणजे एकच रेषा, रँक मात्र २. अदलाबदल झाली की ओळींचे जुने क्रमांक निरुपयोगी. ओळी रिड्यूस केलेल्यातूनच घ्या, सुरक्षित राहाल.

नल स्पेसचं काम तुलनेने सोपं. ए क्ष = ० असेल तर दोन्ही बाजूंना ई ने गुणून आर क्ष = ० होतं, आणि ई इन्व्हर्टिबल असल्यामुळे परतही येता येतं. उत्तरांचा संच तोच. फ्री व्हेरिएबल, म्हणजे ज्यांच्या कॉलममध्ये पिव्होट नाही ते, दुसरा आणि चौथा; क्ष१ = −२क्ष२ − ३क्ष४ आणि क्ष३ = −क्ष४. एकदा दुसऱ्याला १ व चौथ्याला ० द्या, एकदा उलट. मिळतात (−२, १, ०, ०) आणि (−३, ०, −१, १). इथे चिन्ह बदलायचं विसरणं हा नेहमीचा घोटाळा. उपाय एकच: आलेला व्हेक्टर मूळ ए च्या प्रत्येक ओळीवर ठेवून बघा, शून्य यायला हवं. अर्धा मिनिट लागतो. आणखी एक: मॅट्रिक्समध्ये एखादा कॉलम पूर्ण शून्यांचा असेल तर काही जण तो व्हेरिएबलच गाळून टाकतात. तो गायब नसतो, तो फ्री असतो, आणि नल स्पेसच्या बेसिसमध्ये त्याचा स्वतःचा व्हेक्टर लागतो.

इथे घाबरून जायचं कारण नाही. वर जे झालं त्याचा गाभा एवढाच: रो ऑपरेशनने रो स्पेस टिकते, नल स्पेस टिकते, कॉलममधली नाती टिकतात, रँक टिकते, कॉलम स्पेस मात्र सर्वसाधारणपणे बदलते. एमएस्सी प्रवेशाच्या आयआयटी जॅम परीक्षेला एमएसक्यू प्रकारात, जिथे एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि अर्धवट उत्तराला अर्धे मार्क मिळत नाहीत, तिथे अशा एका वाक्यावर अख्खा प्रश्न उभा राहू शकतो.

आता सबस्पेस. व्याख्या तुम्हाला पाठ असेलच: शून्य आत हवा, बेरीज आत राहायला हवी, कुठल्याही स्केलरने गुणून आत राहायला हवं. व्याख्या पाठ असून उत्तर चुकतं, कारण मुलं शून्य तपासतात आणि थांबतात. शून्य नसेल तर सबस्पेस नाही हे खरं. शून्य आहे म्हणून सबस्पेस आहे हे खोटं. य = क्ष × क्ष हा वक्र शून्यातून जातो, पण (१, १) आणि (−१, १) यांची बेरीज (०, २), ती वक्राबाहेर. प्रतलातले दोन्ही अक्ष एकत्र घेतले तर गुणाकारात काही बिघडत नाही, पण (१, ०) आणि (०, १) यांची बेरीज (१, १) कुठल्याच अक्षावर नाही. पूर्णांकांचे बिंदू घेतले तर बेरीज आत राहते, अर्ध्याने गुणलं की बाहेर. पहिला चरण, म्हणजे दोन्ही घटक शून्य किंवा धन, बेरजेला पक्का, पण −१ ने गुणा. ही चार उदाहरणं वेगवेगळ्या ठिकाणी मोडतात. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ‘सकारण लिहा’ प्रकारच्या बऱ्याच प्रश्नांत हीच वेश बदलून येतात.

दुसरा गोंधळ राहण्याच्या जागेचा. आपल्या ए ला तीन ओळी आणि चार कॉलम. कॉलम तीन घटकांचे, म्हणून कॉलम स्पेस आर-तीन मध्ये (आर-तीन म्हणजे तीन घटकांचे सगळे व्हेक्टर; मॅट्रिक्स आर शी त्याचा संबंध नाही). ओळी चार घटकांच्या, म्हणून रो स्पेस आणि नल स्पेस आर-चार मध्ये. कॉलम स्पेसचं डायमेन्शन २ आहे म्हणून ‘कॉलम स्पेस म्हणजे आर-दोन’ असं लिहिणारी मुलं दर वर्षी सापडतात. आर-दोन हा आर-तीन चा सबसेटच नाही, तर सबस्पेस कुठून होणार. आपली कॉलम स्पेस हे तीन मितींतलं शून्यातून जाणारं एक प्रतल आहे. गणित सुरू करायच्या आधी समासात ‘कॉलम तीन घटकांचे, उत्तरं चार घटकांची’ एवढं लिहा. मला ही सवय एका सीनियर ताईने लावली. ती काही फार मोठी गणिती नव्हती, पण सबस्पेस म्हटलं की ‘कशाची, आणि कशात?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. असं माणूस मिळालं तर सोडू नका. ‘हे तर उघडच आहे’ म्हणणाऱ्या, कितीही हुशार सीनियरपेक्षा ते जास्त उपयोगी.

सबस्पेसची ओळख दोन तऱ्हांनी करून दिली जाते, आणि ही गोष्ट कळल्यावर मला सगळा विषय सोपा वाटायला लागला. एक तऱ्हा: अटी सांगायच्या. क्ष − २य + ३झ = ० पाळणारे सगळे बिंदू. ही नल स्पेसच झाली, एका ओळीच्या मॅट्रिक्सची. बेसिस (२, १, ०) आणि (−३, ०, १). दुसरी तऱ्हा: साहित्य सांगायचं. हे व्हेक्टर घ्या आणि त्यांची सगळी मिश्रणं. ही कॉलम स्पेस. अटींनी दिलेल्या सबस्पेसमध्ये एखादा व्हेक्टर आहे का ते चटकन तपासता येतं, पण तिच्यातले व्हेक्टर बनवायला कष्ट. साहित्याने दिलेलीत व्हेक्टर हवे तेवढे बनवा, पण अमुक एक आत आहे का ते सांगायला कष्ट. रो रिडक्शन म्हणजे या दोन तऱ्हांमध्ये ये-जा करण्याचं साधन. अटींवरून साहित्य कसं काढायचं ते वर नल स्पेसमध्ये झालं.

उलट बाजू कमी शिकवतात, म्हणून ती करून दाखवते. ए च्या उजवीकडे ब१, ब२, ब३ असा कॉलम लावा आणि तीच ऑपरेशन्स करा. दुसऱ्या ओळीत ब२ − २ब१ येतं, तिसरीत ब३ − ३ब१, आणि तिसरीतून दुसरी वजा केली की ब३ − ब२ − ब१. डावीकडे त्या ओळीत सगळी शून्यं आहेत. म्हणून उत्तर असायचं तर ब३ = ब१ + ब२ हवंच. ही झाली आपल्या कॉलम स्पेसची अट. कॉलम तपासा: १ + २ = ३, २ + ४ = ६, १ + ३ = ४, ४ + ९ = १३. आणि तो चुकीचा बेसिस, (१, ०, ०)? १ + ० म्हणजे ०? नाही. एका ओळीत खोटा पडला. परीक्षेत वेळ असेल तर कॉलम स्पेसचं उत्तर असं तपासता येतं.

याच अटीमुळे शून्य नसलेल्या उजव्या बाजूचं गणितही उलगडतं. उजवीकडे (५, ११, १७) दिलं तर तिसऱ्या ओळीत ० = १, खेळ खलास. (५, ११, १६) दिलं तर उत्तरं आहेत: (४, ०, १, ०) हे एक, आणि त्यात नल स्पेसमधला कुठलाही व्हेक्टर मिळवून बाकीची सगळी. पण हा उत्तरांचा संच सबस्पेस नाही, शून्य त्यात बसत नाही. दोन उत्तरांची बेरीज केली तर उजवीकडे (१०, २२, ३२) येतं, म्हणजे ती भलत्याच प्रश्नाची उत्तरं. ‘लिनियर समीकरणांची उत्तरं म्हणजे सबस्पेस’ हे वाक्य फक्त उजवीकडे शून्य असताना खरं.

इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी एक कडक इशारा. तुम्हाला रँक काढायला नॉर्मल फॉर्म शिकवतात आणि त्यात रो बरोबर कॉलम ऑपरेशन्सही चालतात. रँकसाठी ते ठीकच आहे. पण ती सवय तशीच घेऊन समीकरणं सोडवायला बसलात तर वाटोळं. आपल्या ए मध्ये दुसऱ्या कॉलममधून पहिल्याची दुप्पट वजा करा. दुसरा कॉलम शून्य झाला. आता (०, १, ०, ०) नल स्पेसमध्ये आहे असं दिसतं. मूळ ए ने गुणा: (२, ४, ६). शून्य नाही. कॉलम ऑपरेशन म्हणजे व्हेरिएबलच बदलणं, ते परत उलटवलं नाही तर उत्तरं तुमच्या समीकरणांची राहत नाहीत. समीकरणं, नल स्पेस, इन्कन्सिस्टंट (उत्तरच नसलेली) आहेत की नाही, असं काहीही विचारलं असेल तर कॉलमला हात लावायचा नाही.

गंमत म्हणजे समीकरणं सोडवायची ही लोपाची पद्धत चीनमध्ये फार जुन्या काळी वापरात होती आणि तिथे एकेक समीकरण उभं, कॉलममध्ये, मोजणीच्या काड्यांनी मांडत. त्यामुळे त्यांची सगळी ऑपरेशन्स कॉलमवरच होत. लिऊ हुई या गणितज्ञाने २६३ साली त्यावर भाष्य लिहिलं आहे. म्हणजे ओळ पवित्र आणि कॉलम अपवित्र असं काही नाही. समीकरण ज्या दिशेने मांडलं त्या दिशेने ऑपरेशन. आणि विषय निघालाच आहे तर, रिड्यूस्ड फॉर्मपर्यंत नेणाऱ्या या पद्धतीला गॉस-जॉर्डन म्हणतात, त्यातला जॉर्डन हा विल्हेल्म, जमीन मोजणीच्या शास्त्रातला जर्मन माणूस. पुढे जॉर्डन फॉर्म भेटेल तो फ्रेंच कामीय जॉर्डनचा. व्हायव्हात दोघांना एक करू नका.

हिशेबातल्या दोन खाचखळग्यांबद्दल थोडक्यात. पहिला: एकाच पायरीत पहिलीतून दुसरी आणि दुसरीतून पहिली वजा करणं, दोन्ही वेळा जुन्या ओळी वापरून. (१, ०) आणि (०, १) वर करून बघा, (१, −१) आणि (−१, १) मिळतात आणि रँक २ ची १ होते. ऑपरेशन्स एकामागून एक असतात, एकदम नसतात. दुसरा: अज्ञात अक्षराने गुणणं किंवा भागणं. हा नेहमीचा प्रश्न घ्या:

क्ष + य + झ = ६
क्ष + २य + ३झ = १०
क्ष + २य + लॅम्डा झ = म्यू

तिसऱ्यातून दुसरं वजा करा, (लॅम्डा − ३) झ = म्यू − १०. लगेच लॅम्डा − ३ ने भागायचा मोह होतो. आवरा. तो शून्य असू शकतो आणि प्रश्नाचा सगळा जीव तिथेच आहे. लॅम्डा ३ नसेल तर एकच उत्तर. लॅम्डा ३ असेल पण म्यू १० नसेल तर उत्तर नाही. लॅम्डा ३ आणि म्यूही १० असेल तर अनंत उत्तरं. आधी फाटे पाडा, मग भागा.

शॉर्टकटबद्दल माझी मतं टोकाची आहेत, आधीच सांगते. ‘तीस सेकंदांत रँक’ छापाचे व्हिडिओ बघू नका. ते तीन बाय तीनच्या, आधी निवडलेल्या आकड्यांवर चालतात. ‘अपेक्षित’वर पास होता येतं, नाकारत नाही, पण पुढच्या वर्षी हाच विषय दुसऱ्या नावाने येतो तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रतलं फिरताना दाखवणारी सुंदर ॲनिमेशन्स हल्ली सगळे सुचवतात. चांगली असतात, मला आवडतात, पण आधी हाताने केलेलं नसेल तर ती बघून फक्त कळल्यासारखं वाटतं. संगणकावर पायथनमधलं सिम्पाय अचूक अपूर्णांकांत रिड्यूस्ड फॉर्म काढून देतं, उत्तर ताडून बघायला ते वापरा. पायथनच्याच नमपायमध्ये रिड्यूस्ड फॉर्मचं फंक्शनच नाही, आणि ते उगीच नाही: दशांशांत हिशेब करताना जिथे शून्य यायचं तिथे अतिसूक्ष्म आकडा उरतो, त्याला पिव्होट समजलं की रँकच चुकते. गेटला स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, पण तो मॅट्रिक्स रिड्यूस करून देत नाही. हात चालायलाच हवा.

आणि हो, हात हळू चालतो म्हणून खट्टू होऊ नका. मला आजही तीन बाय चार रिड्यूस करायला वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. प्रत्येक पायरीला ऑपरेशन बाजूला लिहिते, खोडाखोड करते. त्याने माझं काही अडलं नाही. अडतं ते ‘आता यातून काय उचलू?’ या प्रश्नावर, आणि ते वेगाने सुटत नाही.

पुढच्या सेमिस्टरला आयगनव्हॅल्यू (ज्या लॅम्डासाठी ए क्ष = लॅम्डा क्ष याला शून्येतर उत्तर मिळतं ते आकडे) आल्या की हेच जाळं पुन्हा पसरलेलं दिसेल. मॅट्रिक्स अवघड दिसते, आधी रिड्यूस करू आणि मग आयगनव्हॅल्यू काढू, असं मनात येईल. (२, ०) आणि (०, ३) या ओळींची साधी मॅट्रिक्स घ्या, आयगनव्हॅल्यू २ आणि ३. पहिली ओळ २ ने, दुसरी ३ ने भागा; आयडेंटिटी झाली, आयगनव्हॅल्यू १ आणि १. रो ऑपरेशनने आयगनव्हॅल्यू टिकत नाहीत. तेव्हा आयगनव्हॅल्यू मूळ मॅट्रिक्सवरूनच काढायच्या. त्या मिळाल्यावर मात्र प्रत्येकीसाठी ए − लॅम्डा आय (आय म्हणजे आयडेंटिटी) ही मॅट्रिक्स बेधडक रिड्यूस करा, कारण आयगनव्हेक्टर म्हणजे तिच्या नल स्पेसमधलेच शून्येतर व्हेक्टर, आणि नल स्पेस टिकते.